आवृत्त्यांचे ओझे कोणी वाहावे?

‘काशीद’ हे नाव शाळेतल्या मुलास मोजावयास सांगितले, तर तो तीन अक्षरे मोजील. पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत हेच नाव साध्या पद्धतीने लिहून त्याची लांबी विचारली, तर उत्तर पंधरा येते. तिसऱ्या आवृत्तीत विचारले, तर पाच. यांतील कोणतेही उत्तर चुकीचे नाही. दुसरी आवृत्ती साठवणीतले बाइट मोजते, आणि यूटीएफ-८ या आज सर्वत्र रूढ असलेल्या मांडणीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. तिसरी आवृत्ती क, काना, श, वेलांटी आणि द अशी पाच चिन्हे मोजते. आता एखाद्या नमुन्यात गावाच्या नावासाठी दहा जागा ठेवल्या आहेत अशी कल्पना करावी. तिसऱ्या आवृत्तीत लिहिलेली आज्ञावली ‘काशीद’ सुखरूप छापील. दुसऱ्या आवृत्तीतली मात्र दहाव्या बाइटपाशी नाव तोडील, आणि कागदावर ‘काश’ एवढेच उमटून त्यापुढे एक निरर्थक चौकोन येईल. हिंदीभाषक त्यातून हवा तो अर्थ काढोत. मुरूड तालुक्यातल्या त्या गावाचा पत्ता मात्र हरवला.

संगणकभाषेची आवृत्ती हा केवळ तज्ज्ञांच्या चर्चेचा विषय आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. लेखनिकाने, शिक्षकाने वा विद्यार्थ्याने त्यात डोके घालण्याचे कारण नाही, असे म्हटले जाते. तसे खरोखरच असते, तर फार बरे झाले असते. वस्तुस्थिती अशी आहे की, ज्याने डोके घालण्याचे कारण नाही त्याच्याच माथ्यावर हे ओझे येऊन पडते, आणि ज्याने ते वाहावयाचे तो आज्ञावलीकार ‘अमुक आवृत्ती आधी बसवून घ्यावी’ अशी एका ओळीची सूचना छापून मोकळा होतो.

प्रश्नाचे स्वरूप आधी नीट पाहू. टेबलावरच्या संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर कोणत्या तरी भाषेत लिहिलेले असते. जावा, पायथन यांसारख्या भाषांत लिहिलेली आज्ञावली यंत्रास थेट कळत नाही; मध्ये एक दुभाष्या लागतो आणि तो त्या संगणकावर आधीच हजर असावा लागतो. भाषा वाढते, सुधारते, काही जुने प्रयोग टाकून देते, तसतसा दुभाष्याही बदलतो. एका संगणकावर दोन आज्ञावल्या नांदत असतील, आणि एकीस जुना दुभाष्या हवा व दुसरीस नवा, तर भांडण ठरलेले. विंडोज प्रणाली कोणत्या फोल्डरांत कोणत्या क्रमाने शोध घ्यावयाचा याची एक यादी बाळगते आणि त्या क्रमात जो दुभाष्या प्रथम सापडेल त्यास कामाला जुंपते. दुसरी आज्ञावली बसवताना ही यादी बदलली, की पहिली बंद पडते. पडद्यावर जो संदेश येतो तो इंग्रजीत असतो, आणि त्यातून दोष कुणाचा हे कधीच कळत नाही.

शिक्षकांचे राज्य मंडळ या बाबतीत आज्ञावलीकारांहून शहाणे आहे, असे म्हणावेसे वाटते. अभ्यासक्रम बदलला म्हणून जुन्या अभ्यासक्रमाच्या अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास मंडळ वाऱ्यावर सोडत नाही. पुढील काही परीक्षांपर्यंत त्याच्यासाठी जुन्या अभ्यासक्रमाची वेगळी प्रश्नपत्रिका निघते, आणि कोणत्या विद्यार्थ्यास कोणती द्यावयाची हे परीक्षा केंद्रावर आधी ठरलेले असते. नवे आणि जुने शेजारी शेजारी चालतात. विद्यार्थ्याने घरून प्रश्नपत्रिका छापून आणावी अशी अपेक्षा कुणी करत नाही.

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या अंगणातलेच आहे. अनुदानित माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकास कर्मचाऱ्यांच्या वेतनातून आयकर कापावा लागतो, ग्रामपंचायतीस ठेकेदाराच्या देयकातून तो कापावा लागतो, आणि काशीदच्या किनाऱ्यामागे गेल्या काही दशकांत उभ्या राहिलेल्या निवासगृहांपैकी ज्यांचा व्यवहार मोठा आहे त्यांनाही ही जबाबदारी चुकत नाही. कापलेल्या कराचे त्रैमासिक विवरण संगणकीय स्वरूपात सादर करावयाचे असते. त्यासाठी आयकर खात्याच्या वतीने मुंबईच्या एनएसडीएल या संस्थेने (२०२१ पासून तिच्या या शाखेचे नाव प्रोटीन ईगव्ह टेक्नॉलॉजीज असे आहे) दोन साधने विनामूल्य उपलब्ध करून दिली: एक विवरण तयार करण्याचे, दुसरे ते तपासण्याचे. दोन्ही जावा भाषेतली. विनामूल्य साधन देणे ही चांगलीच गोष्ट. खासगी सॉफ्टवेअर विकत घेण्याची ऐपत नसलेल्या शेकडो लहान संस्थांची त्याने सोय झाली, हे नमूद केले पाहिजे.

पण या साधनांसोबतच्या सूचना वाचण्यासारख्या होत्या. आरंभीच्या काळात तपासणीच्या साधनास सन कंपनीच्या जावाची १.४.२ ही आवृत्ती, आणि तिच्यातल्याही नेमक्या दोन-तीन उपआवृत्त्या चालत. पुढे अनेक वर्षे सूचना अशी होती की, जावा १.६ पासून १.८ च्या साठाव्या सुधारणेपर्यंत कोणतीही चालेल. वाचकांनी या ‘पर्यंत’कडे लक्ष द्यावे. १.८ ची साठावी सुधारणा ऑगस्ट २०१५ मधली. तिच्यानंतर जावाच्या सुधारणा दर तिमाहीस येत राहिल्या, आणि त्यांपैकी बऱ्याचशा सुरक्षिततेची भोके बुजवण्यासाठी होत्या. संगणकाच्या उजव्या कोपऱ्यात ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे’ असा संदेश झळकत असे. जागरूक लेखनिक तो मान्य करी, आणि सूचनेने आखून दिलेल्या मर्यादेबाहेर नकळत जाऊन उभा राही. न मान्य करणारा मर्यादेत राही, पण त्याच संगणकावर ज्ञात दोष असलेली जावा बाळगून. दोघेही नियमाने वागणारे. एकाने सुरक्षिततेचा नियम पाळला, दुसऱ्याने साधनाचा. दोन्ही नियम एकत्र पाळण्याची सोय मात्र कुणीच केली नव्हती.

त्यात आणखी एक गंमत. जावाची ‘१.८’ आणि ‘८’ ही एकाच आवृत्तीची दोन नावे. २०१७ मध्ये नववी आवृत्ती आली तेव्हा पुढचा ‘१.’ अधिकृतपणे गळाला, आणि आवृत्तीच्या आकड्याची सुरुवात ‘१.’ ने होते असे गृहीत धरून लिहिलेल्या अनेक आज्ञावल्या नवी जावा समोर असूनही तिला ओळखीनाशा झाल्या. एप्रिल २०१९ पासून ओरॅकल कंपनीने जावा ८ च्या नव्या सुधारणांचा व्यावसायिक वापर परवानाशुल्काखाली आणला. एका किनारी गावातल्या हिशेबनिसाने हे सारे ध्यानात ठेवून विवरण भरावे अशी अपेक्षा करणे म्हणजे एसटीच्या प्रवाशाने तिकिटाबरोबर इंजिनाचे तेलही आणावे असे म्हणण्यासारखे आहे.

हा नुसता गैरसोयीचा प्रश्न असता तर त्यावर एवढा मजकूर खर्ची घालण्याचे कारण नव्हते. १९६१ च्या आयकर कायद्यात २३४ ई हे कलम आले आणि १ जुलै २०१२ पासून विवरणास होणाऱ्या विलंबाबद्दल दर दिवसास २०० रुपये शुल्क लागू झाले. कापलेल्या कराची रक्कम हीच काय ती त्याची कमाल मर्यादा. दुभाष्या रुसला म्हणून विवरण पाच दिवस अडले, तर एक हजार रुपये. शुल्क आकारणारी यंत्रणा विलंबाचे कारण विचारीत नाही. आणि विवरण पोहोचले नाही, की शिक्षकाच्या पगारातून कापलेला कर त्याच्या खात्यावर दिसत नाही. परतावा अडतो, फॉर्म १६ अडतो, गृहकर्जाच्या अर्जास तो जोडावयाचा तर तोही अडतो. ज्याने जावाचे नावही ऐकलेले नाही अशा शिक्षकापर्यंत आवृत्तीचा हा तंटा असा जाऊन पोहोचतो.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की, याच तपासणी-साधनाच्या बाबतीत एक गोष्ट फार चांगली केली गेली. विवरणांचा नमुना बदलल्यावर २००९-१० या आर्थिक वर्षापर्यंतच्या विवरणांसाठी एक आणि २०१०-११ पासूनच्या विवरणांसाठी दुसरे, अशी दोन साधने शेजारी शेजारी ठेवली गेली. जुन्या वर्षाची दुरुस्ती करणाऱ्यास जुने साधन मिळत राहिले. म्हणजे एकाहून अधिक आवृत्त्या एकत्र कशा नांदवाव्यात हे ठाऊक नव्हते असे नाही. स्वतःच्या साधनाच्या आवृत्त्यांसाठी जी दूरदृष्टी दाखवली, ती त्याखालच्या भाषेच्या आवृत्तीसाठी दाखवली नाही, एवढीच तक्रार आहे.

यावर उपाय काय? उपाय जुना आहे आणि साधा आहे. आज्ञावलीच्या संचातच तिला लागणारा दुभाष्या भरून द्यावा, तो तिच्याच फोल्डरात राहावा, आणि संगणकावर दुसरा कोणता आहे याकडे तिने पाहूच नये. विविध ई-पुस्तके वाचण्यासाठी व सांभाळण्यासाठी जगभर वापरले जाणारे ‘कॅलिबर’ हे सॉफ्टवेअर या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. कोविद गोयल या भारतीयाने ते २००६ मध्ये सुरू केले आणि ते पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत वाढले. पायथनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली होती. ती जुन्या आवृत्तीशी जाणूनबुजून विसंगत होती, कारण आरंभी सांगितलेला अक्षरांचा घोळ मिटवायचा तर मागचे काही मोडावेच लागणार होते. दुसऱ्या आवृत्तीची मुदत आधी २०१५ ठरली, मग ती २०२० पर्यंत वाढवावी लागली. एवढ्या अवधीतही गोयल स्थलांतरास राजी नव्हते. एवढी मोठी आज्ञावली नव्याने लिहिण्यापेक्षा जुनी भाषा आपणच सांभाळणे कमी कष्टाचे, अशी त्यांची भूमिका होती. ती हटवादी वाटली तरी तिच्यात एक सचोटी होती: जुन्या भाषेचे ओझे वाहावयाचे तर ते मी वाहीन, वाचकाने नव्हे. शेवटी सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिबरची पाचवी आवृत्ती तिसऱ्या पायथनवर आली.

या सर्व उलथापालथीत सामान्य वापरणाऱ्यास पायथन बसवावे लागले का? नाही. अधिकृत संचात पायथन आतच असते. ज्यांनी इतरांनी लिहिलेल्या जोड-आज्ञावल्या वापरल्या होत्या त्यांपैकी काहींच्या त्या बंद पडल्या, त्यांच्यासाठी ४.२३ ही जुन्या पायथनवरची शेवटची आवृत्ती संकेतस्थळावर मिळत राहिली. पुढे २०२२ मध्ये सहाव्या आवृत्तीने विंडोज ७ सोडले, तेव्हाही पाचव्या आवृत्तीचा शेवटचा संच उपलब्ध राहिला. नवे कधी घ्यावयाचे याचा निर्णय वापरणाऱ्याकडे राहिला, आणि ते चालते ठेवण्याची जबाबदारी करणाऱ्याकडे. एका माणसाने चालवलेल्या उपक्रमास जे जमते ते शासनयंत्रणेस का जमू नये?

जमते, याचा पुरावाही आहे. आयकर विवरणपत्रे भरण्याचे खात्याचे साधन २०२०-२१ या कर-निर्धारण वर्षापर्यंत एक्सेल आणि जावा अशा दोन रूपांत मिळे. जून २०२१ मध्ये नवे संकेतस्थळ सुरू झाले. त्याच्या पहिल्या महिन्यांतील हाल सर्वांच्या स्मरणात असतील. पण त्याच सुमारास आलेल्या नव्या एकत्रित साधनासाठी वेगळी जावा बसवण्याची गरज उरली नाही, याची दखल मात्र फारशी कुणी घेतली नाही. जावाचे म्हणाल तर नवव्या आवृत्तीपासून आवश्यक तेवढाच दुभाष्या कातरून संचात घालण्याची सोय भाषेतच आहे, आणि मार्च २०२१ मध्ये आलेल्या सोळाव्या आवृत्तीपासून विंडोजचा तयार संच बांधणारे साधनही तिच्यासोबतच मिळते. तांत्रिक अडचण ही सबब आता उरलेली नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. प्रत्येक संचात स्वतःचा दुभाष्या आणि स्वतःची ग्रंथालये असतील, तर त्यांतल्या एखाद्यात दोष सापडल्यावर तो एका जागी बुजवून भागत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा-ग्रंथालयातला भयंकर दोष उघड झाला, तेव्हा ते आपल्या कोणकोणत्या सॉफ्टवेअरच्या पोटात दडले आहे हेच जगातल्या अनेक संस्थांना सांगता येईना. सामायिक दुभाष्या असता, तर त्याची एक सुधारणा बसवून सर्वांचे काम झाले असते. संचाचा आकार वाढतो हा दुसरा आक्षेप. कमी वेगाच्या जोडणीवर शंभर-दीडशे मेगाबाइटचा संच उतरवणे त्रासाचे, यात शंका नाही.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. संच मोठा असला तरी तो एकदाच उतरवायचा आणि पेनड्राइव्हवरून दहा ठिकाणी नेता येतो. संच लहान ठेवून बाकीचे ‘बसवताना आंतरजालावरून ओढून घेऊ’ ही जी आजची पद्धत आहे, ती काशीदसारख्या ठिकाणी अधिक घातक. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा सुरू आणि पोफळी जशा आडव्या झाल्या तसे विजेचे खांबही. मुरूड-श्रीवर्धन भागात वीज आणि संपर्क पूर्ववत होण्यास बराच काळ लागला. वादळ नसतानाही फणसाडच्या डोंगराआड जोडणी भरवशाची नसते. पूर्ण संच हाती असलेला लेखनिक वीज आल्याबरोबर कामास लागतो. अर्धा संच हाती असलेला जोडणीची वाट पाहत बसतो.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर असे की, दुभाष्या संचात घालणे म्हणजे त्याच्यावर मालकी घेणे. जो घालतो त्याने आत काय काय आणि कोणत्या आवृत्तीचे आहे याची यादी जाहीर करावी, आणि दोष सापडताच ठरावीक दिवसांत नवा संच काढावा. जुने टिकवणे आणि जुन्याकडे दुर्लक्ष करणे या दोन गोष्टी आपल्याकडे सर्रास एक मानल्या जातात. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत अलिबाग-मुरूड रस्त्यावरचा काशीदजवळचा जुना पूल कोसळला, एकाचा जीव गेला आणि रस्ता तुटला. पूल जुना होता हा त्याचा गुन्हा नव्हता.

जुन्या यंत्रांचा विचार तर वेगळाच करावा लागेल. शहरातला आज्ञावलीकार नव्या संगणकावर, भाषेच्या सर्वांत ताज्या आवृत्तीत संच बांधतो आणि तो आपल्याकडे चालला म्हणजे सर्वत्र चालेल असे मानतो. विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये काढून घेतला, पण म्हणून ग्रामीण कचेऱ्यांतली आणि शाळांतली ती यंत्रे त्या दिवशी भंगारात गेली नाहीत. पायथनची ३.८ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, ३.९ पासून पुढे ती तिथे उघडतच नाही. ३.८ चा आधारही ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. तेव्हा जुन्या यंत्रांसाठी संच द्यावयाचा की नाही, हा निर्णय कधी तरी घ्यावाच लागतो आणि तो कठोर असू शकतो. पण तो घेऊन, तारीख सांगून, यंत्र बदलण्यास निधी आणि अवधी देऊन राबवणे वेगळे. आणि आज्ञावलीकाराने आपल्या संगणकावर सहज म्हणून नवी आवृत्ती बसवली, त्यामुळे तो आपोआप घेतला जाणे वेगळे. ज्याचे सॉफ्टवेअर गावोगावच्या यंत्रांवर जावयाचे आहे, त्याने ते आधाराच्या यादीतल्या सर्वांत जुन्या यंत्रावर, कोऱ्या केलेल्या प्रणालीवर, ३२ आणि ६४ बिट अशा दोन्ही जातींसाठी बांधून व तपासून पाहिले पाहिजे. आपल्या टेबलावर पायथनच्या चार आवृत्त्या वेगवेगळ्या कोठड्यांत ठेवण्याची सोय त्याला केव्हाच मिळालेली आहे. २०१२ मधल्या ३.३ या आवृत्तीपासून ती भाषेबरोबरच येते.

विद्यार्थ्यांस हे कोणी शिकवते का? आपल्या अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत सी++ ही भाषा टर्बो सी++ या १९९० च्या दशकाच्या आरंभीच्या साधनावर वर्षानुवर्षे शिकवली गेली. त्या भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९८ चे. म्हणजे मानक ठरण्यापूर्वीची बोली विद्यार्थी पाठ करीत राहिले, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांचा कार्यक्रम पहिल्याच ओळीला अडला. जुने साधन वापरले याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. भाषेला आवृत्त्या असतात, त्या का बदलतात, आणि आपण लिहिलेले दुसऱ्याच्या यंत्रावर कसे पोहोचते, हे त्या वर्गात एकदाही सांगितले गेले नाही, याचे आहे. परीक्षेत कार्यक्रम लिहावयास सांगतात. तो दुसऱ्या संगणकावर चालेल असा संच करून द्या, असा प्रश्न कधी विचारला गेल्याचे आढळत नाही. याच वर्गातून उद्याचे आज्ञावलीकार निघतात.

राज्याच्या माहिती तंत्रज्ञान महामंडळामार्फत वा खात्यांमार्फत सॉफ्टवेअरसाठी निविदा निघतात, तेव्हा त्यांत चार अटी घालण्यास एक पैसाही अधिक खर्च येणार नाही. संच परिपूर्ण असावा आणि तो बसवताना आंतरजाल लागू नये. आत कोणत्या भाषेची कोणती आवृत्ती आहे हे पहिल्याच पडद्यावर मराठीत लिहिलेले असावे. मागील दोन संच खात्याच्या संकेतस्थळावर कायम राहावेत. आणि साधन चालत नाही अशी तक्रार नोंदवल्याच्या तारखेपासून ते दुरुस्त होईपर्यंतचे दिवस विलंबात धरू नयेत. यांपैकी चौथी अट मान्य होण्यास सर्वांत जास्त वेळ लागेल. ती मान्य झाली, तर पहिल्या तिन्ही पाळल्या जातील.